रोम: बाराच्या तोफेआधी

रोममध्ये जानिकोलो नावाची टेकडी आहे. तिथून रोज दुपारी बाराच्या ठोक्याला तोफ उडते. शहरातल्या सगळ्या चर्चच्या घंटा एकाच वेळी वाजाव्यात म्हणून १८४७ मध्ये ही प्रथा सुरू झाली. १९०४ मध्ये तोफ ह्या टेकडीवर आली, दुसऱ्या महायुद्धात बंद पडली आणि १९५९ मध्ये पुन्हा सुरू झाली. तू ताईला घेऊन मे महिन्यात रोमला निघाली आहेस, म्हणून सांगते: दिवसाचं सगळं वेळापत्रक ह्या तोफेवर बसव. ती उडायच्या आत मोठं चालणं उरकलेलं असू दे. नंतर चार-साडेचारपर्यंत जेवायचं, सावलीत बसायचं, खोलीवर जाऊन पाय पसरायचे. मग पुन्हा बाहेर पडायचं ते अंधार पडेपर्यंत, आणि मे अखेरीस तिथे साडेआठपर्यंत उजेड असतो.

नुसत्या उन्हासाठी मी हे सांगत नाही. रोममधली बहुतेक चर्चं साधारण साडेबाराला बंद होतात ती साडेतीन-चारला उघडतात, आणि ह्या शहराचा निम्मा ऐवज चर्चमध्येच आहे. जगातली माणसं पैसे मोजून ज्या चित्रकारांची चित्रं म्युझियममध्ये बघतात, त्यांची उत्तमातली उत्तम चित्रं इथे फुकट, मूळ जागी टांगलेली आहेत. दुपारी दोनला यादी घेऊन निघालेल्या माणसाला ही दारं बंद दिसतात. मग तो भर उन्हात कोलोसियमकडे वळतो आणि संध्याकाळी रोममध्ये फार गर्दी आणि फार ऊन आहे असं सांगत परततो. सकाळी सात वाजता त्याच गल्लीत झाडणारे, पाववाले आणि शाळेत निघालेली पोरं ह्यांच्याशिवाय कोणी नसतं.

आता पायांचं. जुन्या रोमच्या गल्ल्यांत ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचे लहान लहान ठोकळे बसवलेले आहेत. सानपिएत्रिनी म्हणतात त्यांना. वरून घासून गुळगुळीत झालेले, मधल्या फटी रुंद, आणि पाऊस पडला की निसरडे. पातळ तळाचे बूट असले तर एकेक दगड तळव्याला टोचतो. चाकाची बॅग ओढत तर तिथे शंभर पावलंही जाऊ नये. जाड तळाचे बूट आत्ताच घे, दोघींना. नवे कोरे बूट घेऊन विमानात बसायचं नाही. ताईला तेच घालून रोज रंकाळ्याला चक्कर मारायला लाव, म्हणजे कुठे चावतात ते कोल्हापुरातच कळेल. पायाला फोड आला की रोममधला पुढचा प्रत्येक दिवस त्या फोडाचाच होतो.

तुझी आजी म्हणायची, तहान लागायच्या आधी पाणी प्यावं आणि पाय भरून यायच्या आधी बसावं. पाण्याची तिथे ददात नाही. १८७० च्या दशकापासून रोमच्या रस्त्यांवर बिडाचे उंच नळखांब उभे आहेत, आजही सुमारे अडीच हजार. नाझोनी म्हणतात त्यांना. चोवीस तास थंड, पिण्याजोगं पाणी वाहत असतं. त्याच्या वाकड्या तोटीला वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की पाणी त्या भोकातून कमानीसारखं वर उडतं आणि न वाकता पिता येतं. ताईची कंबर लक्षात घेता हे तिला पहिल्याच दिवशी शिकव. एक रिकामी बाटली जवळ असली की पाण्यावर एक सेंटही खर्च होत नाही.

बसायच्या जागा मात्र हेरून ठेवायला लागतात. स्पॅनिश पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून बंदी आहे, बसलात तर दंड होतो. कारंज्यांच्या कठड्यांवर बसूनही पोलिसांच्या शिट्ट्या ओढवून घेऊ नका. चर्चमधली बाकं सगळ्यांत चांगली, शांत बसलं तर कोणी उठवत नाही. दुसरी माझी आवडती जागा पिआत्सा फार्नेझे. तिथल्या राजवाड्याच्या भिंतीलगत खाली लांबच्या लांब दगडी बैठक आहे. समोर दोन कारंजी आहेत, त्यांची मोठाली पात्रं काराकाल्ला सम्राटाच्या स्नानगृहांतून आणलेली, इजिप्तच्या ग्रॅनाइटची. शेजारच्या काम्पो दे फिओरीमध्ये रविवार सोडून रोज सकाळी भाजीबाजार भरतो. तिथून चेरी घ्यायच्या, नळावर धुवायच्या आणि ह्या बैठकीवर बसून खायच्या. बाजाराच्या मधोमध डोक्यावर टोपडं ओढलेला जो काळा पुतळा उभा आहे तो जिओर्दानो ब्रूनोचा. १६०० साली त्याला ह्याच चौकात जिवंत जाळलं, आणि १८८९ मध्ये त्याच जागी त्याचा पुतळा उभा केला. भाजी घेता घेता त्याच्याकडे एकदा मान वर करून बघायचं, एवढं त्याचं देणं आहे.

पहिली सकाळ त्रेवीच्या कारंज्यापासून सुरू कर, साडेसहाला. दिवसा तिथे हौदाजवळ माणसं मोजून सोडतात. इतक्या सकाळी पाण्याचा आवाज ऐकू येतो, आणि तो ऐकायलाच जायचं. निकोला साल्वीने १७३२ मध्ये काम सुरू केलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १७६२ मध्ये पुरं झालं. पण पाणी त्याहून कितीतरी जुनं आहे. सम्राट ऑगस्टसचा जावई अग्रिप्पा ह्याने इसवी सनापूर्वी १९ मध्ये जो कालवा रोममध्ये आणला, त्याच कालव्याची परंपरा पुढे डागडुजी होत होत इथपर्यंत पोचली आहे. नाणं टाकायचं तर उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून. ती नाणी गोळा होऊन कॅरितास संस्थेमार्फत गरिबांसाठी वापरली जातात, तेव्हा हात आखडू नकोस.

तिथून पिआत्सा नवोना पंधरा मिनिटांवर आहे. हा चौक लांबट का, हे उभं राहून ताईला दाखव: डोमिशियन सम्राटाच्या काळी इथे धावण्याच्या शर्यतींचं मैदान होतं, आणि आजूबाजूची घरं त्याच्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर उभी राहिली. मैदानाचा आकार तेवढा उरला. मधलं मोठं कारंजं बर्निनीचं, १६५१ चं, चार खंडांतल्या चार नद्यांचं. त्यातली एक आपली गंगा आहे. पुरुषरूपात आहे, हातात लांब वल्हं घेऊन मागे रेललेला, कारण ही नदी नौकानयनाला योग्य असल्याचं युरोपात ठाऊक होतं. नाईलने डोक्यावरून कापड ओढलंय, कारण तिचा उगम तेव्हा युरोपला सापडला नव्हता. रोममध्ये गंगा भेटते हे ताईला आधी सांगू नकोस. तिथे पोचल्यावर तिलाच शोधू दे.

नवोनाच्या मागच्या गल्लीत सांत-आगोस्तिनो नावाचं चर्च आहे. सकाळी लवकर उघडतं आणि लोक त्याच्यावरून सरळ पुढे जातात. तू जाऊ नकोस. आत शिरलं की डाव्या हाताला पहिल्याच कोनाड्यात कॅराव्हाजोचं एक चित्र आहे. यात्रेकरूंची माता, असं म्हण. एका साध्या घराच्या उंबऱ्यात मेरी मूल कडेवर घेऊन उभी आहे, दाराच्या चौकटीला रेलून. पायाशी दोन म्हातारी यात्रेकरू माणसं गुडघ्यांवर बसली आहेत, एक पुरुष आणि एक बाई. पुरुषाचे अनवाणी पाय आपल्याकडे आहेत. तळवे मळलेले, टाचा सुजलेल्या, आणि ते चित्राच्या अगदी पुढे, बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीला. म्हातारीच्या डोक्याचं फडकं फाटून चुरगळलंय. वेदीवरच्या चित्रात असे मळके पाय दाखवले म्हणून त्या काळी बराच गवगवा झाला होता. मला मात्र ते पाय बघताना आषाढात पंढरपुरात शिरणाऱ्या वारकऱ्यांच्या टाचा आठवल्या, तशाच भेगाळलेल्या, तशाच धुळीच्या. चारशे वर्षांपूर्वी एका चित्रकाराला वाटलं, की देवाच्या दारात पोचलेल्या माणसाचं सगळ्यांत खरं काही असेल तर ते त्याचे पाय. इथे घाई करायची नाही. ताईला बाकावर बसव आणि तिचं मन भरेपर्यंत थांब.

अशा ठिकाणी कामाला येणारी एक गोष्ट: खिशात पन्नास सेंट आणि एक-दोन युरोची नाणी ठेव. चित्रांवरचे दिवे नाण्यावर चालतात. पेटीत नाणं टाकलं की काही मिनिटं उजेड, मग अंधार. जवळच्याच सान लुइजी देइ फ्रांचेझी चर्चमध्ये, जे साधारण साडेनऊला उघडतं, डावीकडच्या शेवटच्या कोनाड्यात मॅथ्यू संताची तीन चित्रं आहेत, तीही कॅराव्हाजोचीच. १५९९ पासूनच्या तीनेक वर्षांतली. तिथे दहा-वीस माणसं काळोखात उभी राहून कोणीतरी नाणं टाकेल म्हणून वाट बघत असतात. तू टाक. दिवा लागला की आधी डाव्या भिंतीकडे बघ. जकात गोळा करणारे लोक टेबलाशी पैसे मोजत बसलेत, उजवीकडून येशूने हात लांबवून त्यांच्यातल्या एकाला बोलावलंय, आणि उजेड त्याच बाजूने आत येतोय. त्या टेबलावर अजून मान खाली घालून नाणी मोजणारा एक तरुण आहे. त्याने काही ऐकलेलंच नाही.

तिथून जेझू चर्च. बाहेरून ते इतर चर्चंसारखंच दिसेल. हे जेझुइट संघाचं मूळ चर्च, आणि आपल्या गोव्याशी त्याचा थेट संबंध आहे. सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझूमध्ये आहे. त्याचा उजवा हात, कोपरापासून खालचा, इथे रोममध्ये उजव्या बाजूच्या वेदीवर सोन्याच्या मुलाम्याच्या पेटीत ठेवलाय. ज्याने बॉम जेझूमधली ती पेटी पाहिली आहे, त्याला इथे उभं राहिल्यावर दोन शहरांतलं अंतर निराळंच वाटतं. छतावरचं बाचिच्चाचं चित्र बघायला मान मोडून घेऊ नका. खाली एक कललेला आरसा ठेवलेला असतो, त्यात बघा.

बाराच्या सुमाराला सांता मारिया सोप्रा मिनेर्व्हा गाठ. समोर पाठीवर ओबेलिस्क घेतलेला एक छोटा दगडी हत्ती उभा आहे, बर्निनीच्या आराखड्याचा, १६६७ चा. आपल्या माणसांना तो बघून हसू येतं. सगळे त्याचाच फोटो काढतात. तू चर्चच्या दर्शनी भिंतीकडे जा. उजव्या अंगाला संगमरवरी पाट्या बसवल्या आहेत, कुठे बोट दाखवणारा हात कोरलाय. टायबर नदीला पूर आला तेव्हा पाणी इथवर चढलं होतं, त्याच्या खुणा आहेत त्या. सगळ्यांत वरची १५९८ ची, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर. १८७० चीही आहे. त्या पुरानंतर सरकारने नदीला दोन्ही अंगांनी उंच दगडी भिंती बांधल्या आणि काठाने चिनाराच्या जातीची झाडं लावली. आज नदीकाठाने चालताना जी गर्द सावली मिळते ती त्या पुराच्या पाठोपाठ आलेली आहे. आत मायकेलअँजेलोने घडवलेला येशू आहे, मुख्य वेदीच्या डाव्या हाताला, त्याकडेही बघून घे.

आता जेवण. बारा-साडेबाराला टेबलं रिकामी असतात, रोमकर एकला जेवतात. ताई शाकाहारी, म्हणून नीट ऐक. कार्बोनारा आणि आमात्रिचाना ह्या दोन्ही पास्त्यांत डुकराचं मांस असतं, सॉसमध्ये बारीक तुकडे करून घातलेलं. सुप्ली नावाचे भाताचे तळलेले गोळे बघून आपल्याला आपलेसे वाटतात, पण आतल्या सॉसमध्ये बहुधा खिमा असतो. पुन्तारेल्ले नावाची हिरवी कोशिंबीर अँकोव्ही मासे घालून करतात. काचिओ ए पेपे म्हणजे चीज आणि मिरीचा पास्ता चालेल, मात्र त्यातलं पेकोरिनो चीज कोकराच्या जठरातल्या विरजणाने लावतात, तेव्हा ताईला विचारून मग मागव. निर्धास्तपणे खाण्यासारखं म्हणजे वजनावर मिळणारा पिझ्झा. दुकानात लांबलचक ताटं मांडलेली असतात, बोटाने दाखवायचं एवढा, ते कात्रीने कापून तोलून देतात. बटाट्याचा घे, टोमॅटोचा घे, नाहीतर नुसता मीठ-तेलाचा पांढरा. वसंतात आर्टिचोक मिळाले तर सोडू नका. वाक्य एकच पाठ कर: सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे. मांस नको, मासे नकोत.

कॉफी उभ्याने प्यायची. काउंटरपाशी जो दर असतो तो टेबलाशी बसलं की दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. गजबजलेल्या बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची, मग ती काउंटरवर ठेवून कॉफी मागायची. आणि कॉफी घेतली की तिथलं स्वच्छतागृह वापरायला संकोच नको. रस्त्यावर सार्वजनिक स्वच्छतागृह शोधत बसण्यापेक्षा हे बरं. ताई विचारायला लाजेल, तू विचार.

एकच्या सुमाराला पँथिऑन. ते दुपारी बंद होत नाही, आणि मे अखेरीस त्याची हीच वेळ आहे. हेड्रियनच्या काळात, इसवी सन १२६ च्या आसपास ते पुरं झालं. घुमटाचा व्यास साधारण ४३ मीटर आणि जमिनीपासून वरच्या भोकापर्यंतची उंचीही तेवढीच, म्हणजे आत एक अख्खा गोल बसेल. लोखंडी सळई न घालता बांधलेला एवढा मोठा काँक्रीटचा घुमट जगात दुसरा नाही. वर मधोमध नऊ मीटरच्या आसपासचं भोक, काच नाही की झाकण नाही. पाऊस आला की थेट आत पडतो आणि फरशीतल्या बारीक भोकांतून निघून जातो. हिवाळ्यात त्या भोकातला उन्हाचा कवडसा भिंतीवर वरच्या वर फिरतो. उन्हाळा जवळ आला की सूर्य चढतो आणि कवडसा खाली उतरतो. मे अखेरीस दुपारी एकला तो थेट फरशीवर असतो, मध्य आणि दार ह्यांच्या दरम्यान. त्यात उभी राहा. मग बाजूला होऊन दहा मिनिटं त्याची कड एका फरशीवरून दुसरीवर सरकताना बघ. पृथ्वी फिरते हे शाळेत शिकलो होतो, इथे ते पायाखाली दिसतं. २०२३ पासून तिकीट लागतं. बाहेर पडताना ओवरीचे सोळा खांब हाताने चाचपून बघ. इजिप्तहून समुद्रमार्गे आणलेले, प्रत्येक खांब एकसंध ग्रॅनाइटचा.

नकाशावर बघशील तर एवढं सगळं जेमतेम एक किलोमीटरच्या चौकोनात आहे. ताईचे गुडघे कुरकुरले तर हेच दोन सकाळींत वाट. रोममध्ये अंतर दमवत नाही, उभं राहणं दमवतं.

संध्याकाळी अव्हेंटाइन टेकडी. चढण आहे, पण बेताची. वाटेत पालिकेची गुलाबबाग लागते, मेमध्ये ती बहरात असते. वर संत्र्यांची बाग आहे, तिच्या टोकाच्या कठड्यावरून नदीपलीकडे सेंट पीटर्सचा घुमट दिसतो. शेजारच्या सांता साबिना चर्चचे लाकडी दरवाजे पाचव्या शतकातले आहेत, त्यांवर येशूच्या क्रुसारोहणाच्या सगळ्यांत जुन्या चित्रणांपैकी एक कोरलंय. लोक मात्र पुढे माल्टाच्या सरदारांच्या फाटकाच्या किल्लीच्या भोकातून घुमट बघायला रांग लावतात. रांग मोठी असली तर सोडून दे, दरवाजे बघ. दुसऱ्या संध्याकाळी नदीतल्या बेटावरून पलीकडच्या त्रास्तेवेरे भागात जा. बेटावर नेणारा फाब्रिचिओ पूल इसवी सनापूर्वी ६२ चा आहे आणि आजही लोक त्यावरून ये-जा करतात. पुलावर थांबून खालच्या कमानींकडे बघ, मग पुढे.

सेंट पीटर्स सकाळी सातला. प्रवेश फुकट, पण सुरक्षा तपासणीची रांग नऊनंतर चौकभर फिरते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. ताईची साडी किंवा सलवार-कमीज उत्तम, तू ओढणी ठेव. पोप रोममध्ये असले तर बुधवारी सकाळी त्यांची सभा असते आणि बॅसिलिका बंद ठेवतात, तो दिवस टाळ. चौकात बर्निनीचे २८४ खांब चार रांगांत आहेत. कारंजी आणि ओबेलिस्क ह्यांच्या मध्ये फरशीत एक गोल चकती बसवली आहे. तिच्यावर उभं राहिलं की चारही रांगा एकामागे एक लपतात आणि एकच रांग उरते. एक पाऊल बाजूला सरक, सगळे खांब पुन्हा उलगडतात. घुमटावर जायला ५५१ पायऱ्या. लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात आणि शेवटी भिंत कलती होऊन अंगावर येते. ताईला नेऊ नकोस. तिला पिएता शिल्पाजवळ बसव आणि तू एकटी जाऊन ये. व्हॅटिकन म्युझियम वेगळ्या दिवशी, त्या दिवशी दुसरं काहीच नको.

कोलोसियमचं तिकीट आधी काढ, सकाळच्या पहिल्या वेळेचं. तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट जवळ हवा. त्याच तिकिटात फोरम आणि पॅलेटाइन टेकडी येते. फोरममध्ये सावली नाही, पॅलेटाइनवर झाडं आहेत, हे लक्षात ठेवून वेळ वाट. फोरम वरून बघायचा तर कॅपिटोल टेकडीवर मागच्या बाजूला कठड्यापाशी जा, तिथे पैसे पडत नाहीत आणि संपूर्ण फोरम पायाखाली पसरलेला दिसतो. संध्याकाळचं ऊन तिरकं असताना जा. रविवारी फोरमच्या कडेचा मोठा रस्ता गाड्यांना बंद असतो, चालायला तो दिवस चांगला. २ जूनला तिथे प्रजासत्ताक दिनाचं संचलन असतं, त्या दिवशी तिकडे फिरकू नका. कोलोसियमपासून पाच-सात मिनिटांवर सान क्लेमेंते आहे, ते चुकवलंस तर मला वाईट वाटेल. वर बाराव्या शतकातलं चर्च. तिकीट काढून जिना उतरलं की चौथ्या शतकातलं चर्च. आणखी उतरलं की पहिल्या शतकातली घरं, अरुंद बोळ आणि मिथ्र देवाचं गाभाऱ्यासारखं दालन. सगळ्यांत खाली भिंतीपलीकडे पाणी वाहताना ऐकू येतं. जिने निसरडे आणि उतरते आहेत, ताईचा हात धर.

बॅग पोटाशी, चेन बंद. स्टेशनपासून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस आणि मेट्रो ह्यांत खिसे कापतात. हातात धागा किंवा फूल देणाऱ्याला थांबून उत्तर देऊ नकोस, चालत राहा. एखाद्या दिवशी पाय नाहीच म्हणाले तर बसचं तिकीट दीड युरोचं आहे, शंभर मिनिटं चालतं, चढल्याबरोबर शिक्का मारून घ्यायचा. त्यात कमीपणा काही नाही.

आधी काढायची तिकिटं दोनच: कोलोसियमचं आणि व्हॅटिकन म्युझियमचं. हे काम ह्याच आठवड्यात कर. आणि ताईला पहाटे साडेपाचला उठवायची जबाबदारी तुझी. ती पहिल्या दिवशी कुरकुर करेल. तरी उठव.